ऑक्सिजनचा नॉब कोण फिरवतं?

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. रुग्णालयातली यंत्रं तपासणं, त्यांचं कॅलिब्रेशन करणं, बिघडली की उघडून बसणं हे माझं काम. मूळची सांगलीची, आणि गेली १९ वर्षं दिल्लीत मयूर विहार फेज वनमध्ये राहते. हे बोलणं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येच रेकॉर्ड होतंय, त्यामुळे मध्येच भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली तर सांभाळून घ्या. पुस्तकात वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

आजचा विषय एका नॉबचा आहे. आजारी माणसाला किती ऑक्सिजन द्यायचा हे ठरवणारा नॉब. तो माणसाने फिरवायचा की यंत्राने?

यंत्राने फिरवला तर काय होतं हे सांगण्याआधी एक समज बाजूला काढावा लागेल. ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला, हा तो समज. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही दिल्लीकरांनी सिलिंडरसाठी रांगा लावल्या. आमच्या शेजारी, अक्षरधामजवळ, कॉमनवेल्थ गेम्स व्हिलेजच्या क्रीडा संकुलात कोविड केंद्र होतं. मुंबईत सुरू झालेल्या ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेची माणसं तिथे काम करत होती. त्या दिवसांत घराघरांत ऑक्सिमीटर आला तो अजून ड्रॉवरमध्ये आहे. बोटाला लावला आणि ९९ दिसलं की घर निश्चिंत. ९२ दिसलं की मला फोन.

दिवाळीनंतर इथली हवा बिघडते तसे हे फोन वाढतात. बऱ्याच घरांत कॉन्सन्ट्रेटर आहेत. हवेतला नायट्रोजन शोषून साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध ऑक्सिजन देणारं ते चाकांवरचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. आमच्या ब्लॉकमधल्या एका काकांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार. त्यांच्या मुलाने एका संध्याकाळी फ्लो २ लिटरवरून ५ वर नेला. आकडा ९८ झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला बोलावलं ते यंत्राचा आवाज येतो म्हणून. म्हणाल्या, “यांना आज बरंच बरं वाटतंय गं, सकाळपासून शांत झोपलेत.” काका झोपलेले नव्हते, गुंगीत होते. मी डॉक्टर नाही, पण भिंतीवर लावलेल्या कागदावर डॉक्टरांनी ‘८८ ते ९२’ असं स्पष्ट लिहिलेलं मला वाचता येत होतं. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी ताबडतोब आणायला सांगितलं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड खूप वाढला होता. चार दिवस बायपॅपवर राहून काका घरी आले.

सीओपीडीच्या काही रुग्णांत असं होतं. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, आणि ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये रुग्णवाहिकेतल्या अशा रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीप्रमाणे भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेताने मोजून. मोजून दिलेल्या गटात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. तेच औषध, तीच रुग्णवाहिका, फरक फक्त मात्रेचा.

मात्रेचा हा धडा वैद्यकशास्त्राने आधी गिरवला तो नवजात बाळांवर, आणि फार महाग किमतीत. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे.

१९४२ साली बोस्टनमध्ये थिओडोर टेरी या नेत्रतज्ज्ञाने अकाली जन्मलेल्या बाळांमध्ये एक नवंच अंधत्व नोंदवलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १० हजार मुलं त्याने आंधळी झाली. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, ही मुलं सर्वांत चांगल्या, सर्वांत सुसज्ज रुग्णालयांतली होती. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट दाखवलं ते ऑक्सिजनकडे. चांगल्या रुग्णालयांत इन्क्युबेटर चांगले, म्हणून त्यांतला ऑक्सिजनही जास्त. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात, जास्तीच्या ऑक्सिजनने ती वाढ थांबते, मग पुढे त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढून सोडवतात. आज याला रेटिनोपथी ऑफ प्रिमॅच्युरिटी किंवा नुसतं आरओपी म्हणतात. गायक स्टीव्ही वंडर १९५० साली अकाली जन्मले. त्यांची दृष्टी गेली ती याच आजाराने.

मग नॉब उलटा फिरला. ऑक्सिजनवर कडक मर्यादा आल्या, अंधत्व झपाट्याने कमी झालं. काही वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की बाळांचे मृत्यू वाढले होते. म्हणजे वर गेलात तर डोळे, खाली आलात तर जीव. मधली वाट किती रुंद आहे, हे शोधायला पुढची अर्धी शताब्दी गेली.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या सपोर्ट नावाच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले. एका गटाची सॅच्युरेशन ८५ ते ८९ टक्क्यांत ठेवायची, दुसऱ्याची ९१ ते ९५ मध्ये. खालच्या गटातल्या वाचलेल्या बाळांत गंभीर आरओपी ८.६ टक्के, वरच्या गटात १७.९. पण घरी जाण्याआधीचे मृत्यू खालच्या गटात १९.९ टक्के आणि वरच्यात १६.२. आता बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ च्या आसपासची पट्टी धरतात. पाच-सहा अंकांची पट्टी. रात्रंदिवस, कित्येक आठवडे, एक किलोच्या बाळाला त्या पट्टीत ठेवायचं.

कोण ठेवणार? नर्स. तिच्याकडे एकच बाळ नसतं. आपल्या सरकारी नवजात कक्षांत एका सिस्टरच्या वाट्याला किती बाळं येतात, हे जे तिथे जाऊन आलेत त्यांना मी सांगायला नको.

प्रत्यक्षात घडतं ते असं. अपुऱ्या दिवसांचं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. सॅच्युरेशन ७५ वर येते, अलार्म वाजतो, सिस्टर धावत येते, ऑक्सिजन ३० टक्क्यांवरून १०० वर नेते, पाठीवर चोळते. बाळ श्वास घेतं, आकडा ९५, ९७, ९९. तेवढ्यात पलीकडचा अलार्म वाजतो आणि ती तिकडे जाते. हे बाळ अर्धा तास ९९ वर पडून राहतं. खालचा अलार्म सगळ्यांना पळवतो, वरच्या अलार्मला कोणी पळत नाही, कारण ९९ कोणाला वाईट दिसत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४ केंद्रांच्या एका अभ्यासात बाळं ठरवलेल्या पट्टीत निम्म्याहूनही किंचित कमी वेळ होती, आणि पट्टीबाहेरच्या वेळेपैकी बहुतांश वेळ वरच्या बाजूला. ही नामांकित, मनुष्यबळ असलेली केंद्रं होती. यात सिस्टरचा दोष शोधणाऱ्याने एक रात्रपाळी तिथे उभं राहून काढावी.

म्हणून कल्पना निघाली, की नॉब यंत्रानेच फिरवावा. ब्रिटनमध्ये १९७९ सालीच तसा प्रयत्न प्रसिद्ध झाला होता. नाळेतल्या रक्तवाहिनीत घातलेल्या इलेक्ट्रोडवरून ऑक्सिजनचा दाब मोजून इन्क्युबेटरचा ऑक्सिजन बदलायचा. पण रक्तवाहिनीत तार घालून मोजणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. ती अडचण सुटली पल्स ऑक्सिमीटरमुळे. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचं तत्त्व मांडलं. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात, नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक त्यांचं शोषण बदलतं, त्या बदलाच्या गुणोत्तरावरून सॅच्युरेशन कळते. २०२० च्या एप्रिलमध्ये आओयागी गेले, अख्खं जग त्यांचं यंत्र बोटाला लावायला लागलं होतं त्याच महिन्यांत.

आता यंत्र नॉब कसा फिरवतं ते पाहू. व्हिडिओत मी हे फळ्यावर काढलं आहे, इथे शब्दांत सांगते.

दिल्लीतल्या जानेवारीत बादली भरायला नळ सोडा. गीझरचा नळ सोडला की पाणी आधी गारच येतं, कारण पाइपातलं गार पाणी संपायला वेळ लागतो. अधीर माणूस नळ आणखी सोडतो, मग एकदम चटका बसतो, मग तो बंद करतो, मग पुन्हा गार. चूक हाताची नाही, मधल्या पाइपाची आहे. ऑक्सिजनच्या बाबतीतही असाच पाइप आहे. ब्लेंडरने हवा आणि ऑक्सिजनचं मिश्रण बदललं, ते ह्युमिडिफायर आणि नळ्यांतून बाळापर्यंत पोचायचं, फुप्फुसातून रक्तात, रक्तातून पायाच्या प्रोबपर्यंत, आणि त्यावर ऑक्सिमीटर स्वतः काही सेकंदांची सरासरी काढून मग आकडा दाखवणार. यंत्राला हा उशीर ठाऊक असावा लागतो. म्हणून ते तीन गोष्टी पाहतं. आकडा पट्टीपासून किती दूर आहे, किती वेळ दूर आहे, आणि जवळ येतोय की आणखी लांब जातोय. परत येत असेल तर पोचायच्या आधीच नॉब सैल सोडायचा. इंजिनिअर याला पीआयडी नियंत्रण म्हणतात. प्रत्यक्षातल्या यंत्रांत त्यावर आणखी बरेच नियम चढवलेले असतात.

एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. रक्तातला ऑक्सिजनचा दाब आणि सॅच्युरेशन यांचं नातं सरळ रेषेचं नाही. प्रौढ माणसात दाब ४० मिलिमीटर असताना सॅच्युरेशन साधारण ७५ टक्के, ६० ला ९०. त्यानंतर आलेख सपाट होत जातो. १०० मिलिमीटरला ९८ च्या आसपास, आणि पुढे ४०० पर्यंत गेलात तरी काटा ९९-१०० वरच. म्हणजे ऑक्सिमीटरवर १०० दिसतं तेव्हा खरं तर तो आंधळा झालेला असतो. दाब शंभर आहे की चारशे, त्याला सांगता येत नाही. नियंत्रण करणाऱ्या यंत्राने त्या सपाट भागात शिरूच नये. ज्या रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन लावलेला आहे त्याचा ९९ मला खटकतो तो म्हणून. काही न लावता तुमचा-माझा ९९ असेल तर ती गोष्ट वेगळी.

दुसरा नियम, बाळाने पाय झटकला आणि प्रोब निसटला तर काय? सिग्नल गेला म्हणजे ऑक्सिजन गेला असं समजून यंत्राने नॉब पूर्ण उघडला तर ते यंत्र धोकादायक. चांगलं यंत्र सिग्नलचा दर्जा तपासतं, भरवसा नसेल तर आधीच्या सुरक्षित मात्रेवर थांबतं आणि माणसाला हाक मारतं.

अशी सोय असलेले नवजात व्हेंटिलेटर बाजारात आहेत, प्रौढांसाठीही आहेत. पट्टीतला वेळ त्यांनी वाढतो आणि सिस्टरला नॉबकडे कमी वेळा धावावं लागतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पट्टीतला वेळ वाढला म्हणजे तेवढीच दृष्टी वाचली असा सरळ गुणाकार मात्र कोणी मांडला तर त्याला थांबवा.

आपल्या देशातलं उदाहरण सांगते, कारण ते फार थोड्यांना आठवतं. बंगळुरूच्या डेबेल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने अतिउंचावरच्या जवानांसाठी सॅच्युरेशननुसार ऑक्सिजन देणारी प्रणाली तयार केली होती. तिचंच नाव ऑक्सिकेअर. १२ मे २०२१ रोजी पीएम केअर्समधून अशा दीड लाख संचांना ३२२.५ कोटी रुपये मंजूर झाले. त्यांतले १ लाख हाताने नॉब फिरवायचे आणि ५० हजार आपोआप चालणारे. आपोआप चालणाऱ्यात प्रोबवरच्या आकड्यानुसार प्रवाह २, ५, ७ किंवा १० लिटरच्या पायरीवर जातो.

हे वरवर किरकोळ वाटेल. आकडे मांडा. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. १० लिटरवर तो अडीच तास पुरतो, ५ वर पाच तास, २ वर साडेबारा. रुग्ण सुधारला, पण रात्री दोन वाजता नॉब खाली आणायला कोणी जागं नाही, अशा प्रत्येक पलंगावर कित्येक तासांचा ऑक्सिजन फुकट जातो. महाराष्ट्रात हीच गोष्ट नंदुरबारने यंत्राशिवाय केली. तिथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या गेल्या. त्यांचं काम पलंगापलंगाशी जाऊन सॅच्युरेशन बघणं आणि जितका लागतो तितकाच प्रवाह ठेवणं. मोजा, तुलना करा, नॉब फिरवा, पुन्हा मोजा. यंत्र करतं ते नेमकं हेच. मला विचाराल तर नंदुरबारची ती कल्पना त्या वर्षातल्या बऱ्याच महागड्या खरेद्यांपेक्षा शहाणी होती.

आता यंत्राची दुसरी बाजू. ही माझ्या कामाची असल्यामुळे जरा स्पष्ट बोलते.

आपोआप चालणारं यंत्र बिघाड झाकू शकतं. समजा बाळाचं फुप्फुस फुटलं, नळी सरकली, किंवा न्यूमोनिया वाढतोय. हाताने नॉब फिरवणाऱ्या सिस्टरला कळतं, की मघापासून मी तिसऱ्यांदा वाढवतेय, काहीतरी गडबड आहे. यंत्र मुकाट्याने ३० चे ४०, ४० चे ६० टक्के करत राहतं आणि पडद्यावर सॅच्युरेशन ९३ चा ९३. नातेवाइकांना वाटतं, स्थिर आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सॅच्युरेशन एकटी विचारू नका. “किती ऑक्सिजनवर?” हे सोबत विचारा. ३० टक्क्यांवरचा ९३ आणि ७० टक्क्यांवरचा ९३ हे दोन निराळे रुग्ण आहेत. यंत्र घेतानाही मी पहिल्यांदा हेच पाहते, की ऑक्सिजनची मात्रा ठरावीक हद्दीपलीकडे गेली तर ते ओरडतं का, आणि मागच्या बारा तासांचा आलेख दाखवतं का.

दुसरं, प्रोबवर भरवसा किती? २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत सॅच्युरेशन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के निघालं. सावळ्या-काळ्या त्वचेच्या आपल्या देशात ही बाब कुतूहलाची राहत नाही. माणूस निदान रुग्णाचे ओठ, श्वास, घाम बघतो. यंत्राला प्रोब सांगेल तेच खरं.

तिसरं, व्हेंटिलेटरमध्ये ऑक्सिजन मोजणारा एक छोटा सेल असतो. तो वापरला नाही तरी हवेच्या संपर्काने झिजतो, आणि साधारण दर एक-दोन वर्षांनी बदलावा लागतो. एका रुग्णालयात मी पाहिलं, की सेल संपलेला, त्याचा अलार्म सतत वाजतो म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन मोजणीच बंद करून टाकलेली. खरेदीच्या निविदेत यंत्र असतं, सेल नसतो. नियंत्रणाची गणितं कितीही हुशार असोत, आत काय जातंय हेच मोजलं जात नसेल तर ती हवेतच राहतात.

आणि चौथं, भिंतीतल्या पाइपात दाबच नसेल तर? २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती झाली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. दोनच दिवसांनी दिल्लीत रोहिणीच्या जयपूर गोल्डन रुग्णालयात तशीच रात्र आली, तिथे साठाच आटला होता. पलंगाजवळचं नियंत्रण पाइपात साधारण ४ बार दाब आहे असं धरूनच चालतं. त्यामुळे टाकीपाशी दाबाचा अलार्म, राखीव सिलिंडरचा मॅनिफोल्ड आपोआप जोडला जाणं, आणि त्याची दर आठवड्याला खरीखुरी चाचणी, हाही ऑक्सिजनच्या स्वयंचलित नियंत्रणाचाच भाग आहे. फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही.

आपल्याकडे प्राधान्य कशाला, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अकाली जन्मली, त्यांतली ३० लाख भारतात. त्यांतल्या कितीतरी बाळांना जिथे ठेवतात तिथे ब्लेंडरच नाही. थेट १०० टक्के ऑक्सिजन, नाहीतर काही नाही. तिथे मी आधी ब्लेंडर, चांगला ऑक्सिमीटर आणि ९५ वर लावलेला वरचा अलार्म मागेन. आपोआप फिरणारा नॉब त्यानंतर. मोठ्या केंद्रांत, जिथे २६-२७ आठवड्यांची बाळं दोन-दोन महिने राहतात, तिथे तो आत्ताच हवा.

प्रश्न विचारणाऱ्यांनी दोन गोष्टी वारंवार विचारल्या, त्या सांगून थांबते.

पहिला, घरच्या कॉन्सन्ट्रेटरला असं स्वयंचलित नियंत्रण मिळतं का. घरोघरी दिसणाऱ्या ५ लिटरच्या यंत्रांत ते नसतं. ‘ऑटो’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तर विक्रेत्याला विचारा, कशावरून ऑटो? बरीच छोटी यंत्रं श्वास आत घेताना तेवढाच झोत सोडतात, त्याचा सॅच्युरेशनशी संबंध नसतो. तोवर कागदावर डॉक्टरांकडून दोन्ही टोकं लिहून घ्या, खालचं आणि वरचंही. आमच्या काकूंनी आता वही केली आहे. वेळ, फ्लो, आकडा, आणि ‘बोलले का नीट’ असा चौथा रकाना त्यांनी स्वतःच्या मनाने घातला. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना तो फार आवडला.

दुसरा, बाळ काचेच्या पेटीत होतं, आता घरी आलंय, काही करायचं का. जन्माच्या वेळी वजन २ किलोपेक्षा कमी असेल किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म झाला असेल तर ३० दिवसांच्या आत डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. फार लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. बाहुलीकडे बघून काही कळत नाही, तिथे थेंब टाकून आतला पडदाच पाहावा लागतो, आणि वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. डिस्चार्जच्या कागदावर तारीख लिहिलेली नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या.